झेड ड्राइव्ह अन् व्हीसॅट: भामरागड सेंटरच्या कामाच्या नोंदी

१० जून

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नंतर कोणी विचारलं तर सापडाले पाहिजे. भामरागड तालुक्यातल्या आपल्या सेंटरवर नागपूर ऑफिसच्या सर्व्हरचा शेअर झेड ड्राइव्ह म्हणून लावलेला आहे. ग्रामसभांचे सामूहिक वनहक्काचे कागद, ठरावांचे स्कॅन, जीपीएसचे ट्रॅक, क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रामातले नकाशे, तेंदूपत्त्याचा हिशोब, सगळं त्यातच. फायबर चालू असला तोवर बरं चालते, पण रस्त्याचं काम निघालं की जेसीबीवाला पहिले फायबरच उचकटते आणि मग सगळं व्हीसॅटवर, म्हणजे उपग्रहावरच्या इंटरनेटवर, येते. प्लॅन खाली (डाउनलोड) ४ एमबीपीएस, वर (अपलोड) १. व्हीसॅटवर आलं की झेड उघडतच नाही. सेंटरवरची ताई फोनवर म्हणे, "भाऊ, फोल्डर उघडाले लावतो अन् मी चहा मांडून येतो, तरी ते हिरवी पट्टी तिथंच रायते."

नागपुरात सगळ्यांचं मत एकच, स्पीड कमी आहे, प्लॅन दुप्पट करा. वेंडरचं ८ एमबीपीएसचं कोटेशन मॅडमच्या मेलवर येऊन पडलंसुद्धा. मी म्हटलं सही करायच्या आधी मला मोजू द्या, कारण याच व्हीसॅटवर ताई यूट्यूब पाहते आणि ते अटकत नाही. मग २०० केबीची पीडीएफच काहून अटकते?

१२ जून

पिंग, म्हणजे विनंती जाऊन उत्तर यायचा वेळ, ६०० मिलिसेकंदाच्या वर, कधी ६५०. यात वेंडरचा दोष नाही, भूगोलाचा आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. आपली विनंती वर जाते, खाली हबला (वेंडरच्या जमिनीवरच्या स्टेशनला) उतरते, उत्तर परत वर, परत खाली, असे चार टप्पे झाले, म्हणजे १ लाख ४३ हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानं सुद्धा ४७७ मिलिसेकंद फक्त प्रवासात. वरचे शंभर-दीडशे मोडेमचे, हबचे, रांगेत थांबायचे. याउलट फायबरनं नागपूर साडेतीनशे किलोमीटर धरलं, काचेतून प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे जाऊन येऊन साडेतीन मिलिसेकंद, मधले राउटर धरून पंधरा-वीस म्हणा.

८ चा प्लॅन घेतला तरी हे ६०० काही कमी होणार नाही. हे मॅडमला मेलवर लिहून टाकलं. उत्तर आलं, "मग कमी काय होईल ते सांगा."

१७ जून

नागपुरात टेबलावरच व्हीसॅट उभा केला. दोन मशीन, मध्ये एक जुना लिनक्स डबा, त्यावर टीसी नेटएम (लिंकला मुद्दाम उशीर लावायचं लिनक्सचं साधन), दोन्ही बाजूंना ३०० मिलिसेकंदाचा डिले, वेग खाली ४ वर १. यात एक बारीक गोष्ट आहे, नेटएमची रांग मुळात १००० पॅकेटची असते, वेगाला लगाम न लावता गिगाबिटवर नुसता डिले दिला तर रांग भरून पॅकेट सांडाले लागतात आणि माणूस समजते का प्रोटोकॉलच बेकार आहे. ४ एमबीपीएसवर हवेत राहणारा डेटा (निघाला पण पावती आली नाही असा) ३०० केबी, म्हणजे दोनशे पॅकेट, तेवढ्याला १००० पुष्कळ झाले. पण लिमिट तरी वाढवून ठेवली.

याचा फायदा असा का सेंटरवर न जाता वाटेल तेव्हा मोडतोड करता येते. रोवणीच्या दिवसात भामरागडचा रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही.

२३ जून

वायरशार्क (लिंकवरचं पॅकेट न पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून फेऱ्या मोजल्या. झेड ज्या प्रोटोकॉलवर चालते त्या एसएमबीमध्ये एक फाइल पाहायची तर क्रिएट, क्वेरी इन्फो, रीड, क्लोज. चार विनंत्या, आणि आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची निघत नाही. वरून एक्सप्लोरर स्वतःच्या मनानं प्रत्येक फोल्डरमध्ये डेस्कटॉप डॉट आयएनआय शोधते, आयकॉन काढाले जाते, थंबनेलसाठी प्रत्येक पीडीएफ उघडून पाहते. ठरावांच्या फोल्डरात तीनशेच्या जवळ फाइली. ३०० गुणिले ४, १२०० फेऱ्या. ऑफिसच्या लॅनवर एक फेरी अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सगळं मिळून ०.६ सेकंद, कोणाच्या लक्षातही येत नाही. व्हीसॅटवर एकामागून एक गेल्या तर ७२० सेकंद. बारा मिनिटं! ताईचा चहा हाच.

आणि या बारा मिनिटांत लिंकवरून डेटा किती गेला? आलेख जवळजवळ सपाट. पाइप रिकामा आणि माणूस वाट पाहून रायला. हा स्क्रीनशॉट मॅडमला पाठवला, प्लॅनचं कोटेशन त्याच संध्याकाळी बाजूला पडलं.

दुसरं एक सापडलं. नागपुरात सर्व्हरशिवाय एक जुना नॅस डबा (नेटवर्कवर लावलेली डिस्क) आहे, नकाशांचा बॅकअप त्याच्यावर, आणि तो फक्त एसएमबी १ बोलते. हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबॉम यांनी सुरू केला, एका खोलीतल्या पीसींसाठी. एका रीडमध्ये ६० केबीच्या आसपास, मग उत्तराची वाट. ६० केबी भागिले ०.६ सेकंद, १०० केबी प्रति सेकंद, लिंक ४ ची असो का ४० ची. ५० एमबीचा रास्टर (चित्ररूपी नकाशा) आणाले आठ मिनिटांच्या वर. तोच रास्टर सर्व्हरवरून एसएमबी ३ नं काढला तर दोन मिनिटांच्या आत, कारण २००६ च्या एसएमबी २ पासून उत्तर न येता अनेक विनंत्या पुढे ढकलता येतात, शंभराच्या वर असलेल्या कमांड १९ वर आणल्या, आणि २.१ पासून एक रीड १ एमबीपर्यंत. मोठी एकच फाइल असली तर नवा एसएमबी लिंक पूर्ण भरते. बारक्या फाइलींचा ढीग असला तर तोही तोंड पाहते.

नॅस बंद करायची शिफारस केली. तसंही २०१७ च्या वॉनाक्राय रॅन्समवेअरच्या हल्ल्यानंतर एसएमबी १ चालू ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं, त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्ट नवीन विंडोज १० मधून ते काढत आली. कोणीतरी हातानं चालू करून दिलं होतं.

३० जून

सेंटरवर. पूर यायच्या आधी एकदा प्रत्यक्ष पाहून घेतो म्हटलं.

चार मशीनपैकी एकाचंच डाउनलोड ८७० केबीपीएसच्या वर जाईना, बाकीचे तीन साडेतीन एमबीपीएसला टेकतात. हा आकडा पाहिल्याबरोबर समजलं. टीसीपीची खिडकी (पावती न येता किती डेटा पुढे पाठवता येतो ती मर्यादा) ६४ केबी, ६५,५३५ बाइट गुणिले ८ बिट भागिले ०.६, बरोबर ८७४ केबीपीएस. मूळ टीसीपीत खिडकीसाठी १६ च बिट होते, १९९२ च्या आरएफसी १३२३ नं स्केलिंग आणलं, आणि विंडोज व्हिस्टापासून हे आपोआप वाढते. पण या मशीनवर हे आपोआप वाढणं, ऑटोट्यूनिंग, डिसेबल होतं. चौकशी केली तर दुकानात फॉरमॅट करून आणलं होतं आणि दुकानदारानं "इंटरनेट बूस्टर" टाकून दिला होता. लॅनवर त्यानं काही बिघडत नाही म्हणून कोणाला दिसलं नाही. विंडोजच्या नेटएसएच कमांडनं नॉर्मल केलं, मशीन सुटलं.

संध्याकाळी लाईन गेली, इन्व्हर्टरवर फक्त मोडेम ठेवला अन् गप्पा झाल्या. जीपीएस घेऊन जंगलात फिरणारा पोरगा विचारते, हे एवढ्या फेऱ्या कशापायी? मी सांगितलं का फाइल आहे का, किती मोठी आहे, दे, झालं, असं एकेक विचारते. तो भाताच्या रोपांवर, रोवणीवर आला, म्हणे, "मंग पऱ्ह्याची एकेक जुडी घेऊन बांधीत काहून जायचं, सगळ्या जुड्या एकाच खेपेत काहून नाई नेत?" एनएफएसवाल्यांनी (तो लिनक्सकडचा फाइल शेअरचा प्रोटोकॉल) चौथ्या आवृत्तीत हेच करायचं ठरवलं होतं, फसलं कुठं ते पुढं लिहितो.

३ जुलै

व्हीपीएन. झेड ज्या कुलूपबंद बोगद्यातून नागपूरला जाते तो. हे सगळ्यात मोठं निघालं.

सेंटरवर असताना एकच फाइल दोन रस्त्यानं काढून पाहिली. व्हीपीएनच्या आतून आणि बाहेरून एचटीटीपीएसनं, सर्व्हर तोच. बाहेरून लवकर वेग पकडते, आतून रांगत जाते, आणि थोडा शिरवा आला का आतलं पार बसते, बाहेरचं तग धरते. कारण व्हीसॅटच्या मोडेममध्ये टीसीपीचं एक प्रॉक्सी बसलेलं असते, आरएफसी ३१३५ मध्ये त्याचं वर्णन आहे, २००१ सालचं. पावती उपग्रहावरून यायची वाट न पाहता मोडेम जागच्या जागी देऊन टाकते, पाठवणारा खूश, पुढचा माल लगेच सोडते. पण त्यासाठी मोडेमला टीसीपीचं हेडर दिसलं पाहिजे. आपला व्हीपीएन वायरगार्ड, सगळं यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पोटात बांधून नेते, मोडेमला काही दिसतच नाही. म्हणजे ज्या सोयीचे पैसे आपण वेंडरला देतो ती आपणच झाकून ठेवली.

आणि प्रॉक्सी नसलं का स्लो स्टार्ट (टीसीपी थोड्यानं सुरू करून फेरीगणिक वाढवते ते) आडवा येते. सुरुवातीला १० सेगमेंट, १४ केबी, मग २८, ५६, ११२, २२४. पाइप भरायला ३०० केबी हवेत पाहिजे, तिथवर पोचेपर्यंत तीन सेकंद गेले. आपले बहुतेक फॉर्म दोनशे-तीनशे केबीचे, लिंक भरायच्या आधीच फाइल संपते. लिनक्सवर वरून असं का कनेक्शन थोडा वेळ शांत राहिलं तर परत पहिल्यापासून सुरू, ते सिस्टिममध्ये बंद केलं. गुगलचं २०१६ चं बीबीआर (टीसीपीचा वेग ठरवायची वेगळी पद्धत) लावून पाहिलं, ते प्रत्येक हरवलेल्या पॅकेटला गर्दी समजत नाही, पावसात फरक दिसला, पण फेऱ्यांचा प्रश्न तिथंच.

मग व्हीपीएन काढायचा का? एसएमबीचा ४४५ पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवणार नाही, हे पक्कं. पण एसएसएच किंवा टीएलएस (मजकूर कुलपात घालायचे प्रोटोकॉल) टीसीपीच्या वर बसते. आतला मजकूर कुलपात, हेडर उघडं. मोडेमला त्याचं काम करता येते आणि कागद कोणाला वाचता येत नाही. म्हणजे एसएमबी सोडून असं काही शोधायचं जे एसएसएच नाहीतर टीएलएसवर चालते. इथून पुढच्या कामाला दिशा भेटली.

११ जुलै

तरी एनएफएसला एक संधी दिली, टेबलावर, कारण नकाशाच्या मशीन लिनक्स आहेत आणि ऑफिसातला एकजण रोज म्हणते का एनएफएस लावून पाहा.

लावला. एलएस (नुसत्या नावांची यादी) केलं, बरं वाटलं. एलएस मायनस एल (तपशिलासह यादी) केलं, थांबलं. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत रीडडिरप्लस आलं, नावांसोबत फाइलींची माहितीही एकाच उत्तरात, ते लागू पडलं तिथं पटकन होते, नाही पडलं तर प्रत्येक फाइलीला एक गेटअॅट्र, म्हणजे माहितीची वेगळी विनंती. चौथ्या आवृत्तीत कंपाउंड, म्हणजे पोराची सगळ्या जुड्यांची खेप. कागदावर एकाच विनंतीत शोध, उघड, वाच, सगळं बसते. पण वर बसलेला प्रोग्राम तसं मागतच नाही ना. तो आधी स्टॅट म्हणते, मग ओपन, मग रीड, एकेक, आणि कर्नलला पुढचं काय येणार हे माहीत नसते, मग तो बांधणार काय? खेप मोठी आहे, पण जुड्या देणारा एकेकच देऊन रायला.

अॅट्रिब्यूट कॅशचा (फाइलीची माहिती जवळ साठवून ठेवायचा) वेळ वाढवला का एलएस सुसाट, कारण विचारतच नाही. फाइलीसाठी मुळात ३ ते ६० सेकंद असते, मी ६०० केलं. पण मग नागपुरात बदललेला नकाशा सेंटरवर दहा मिनिटं जुनाच दिसू शकते, आणि वनहक्काच्या हद्दीत जुना नकाशा म्हणजे भांडणाला आमंत्रण.

क्यूजीआयएस तर दोन्हीवर बेकार. शेपफाइल म्हणजे एक फाइल नाहीच, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे, दहा लेयरचा प्रकल्प उघडला का चाळीस-पन्नास फाइलींचे दरवाजे ठोठवाले लागते. जिओपॅकेज एकच फाइल आहे म्हणून ते घ्या म्हटलं एकानं, पण ते आतून एसक्यूलाइट, नेटवर्कवरच्या लॉकिंगवर त्याचा भरवसा नाही, आणि वॉल मोड तर नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही, त्याला एकाच मशीनची मेमरी लागते. शेअरवर जिओपॅकेज ठेवायचं नाही, हे भिंतीवर लिहून लावलं.

२२ जुलै

पर्लकोटा नदीला पूर, रस्ता बंद, लाईन येऊन जाऊन, फायबर मेला. मुसळधार पावसात केयू बँडचा (व्हीसॅटच्या लहरींचा पट्टा) सिग्नल थेंबच खाऊन टाकतात, मोडेम आधी मॉड्युलेशन खाली आणते, वेग घसरते, मग लिंक जाते. अर्ध्या तासानं परत येते.

टेबलावर लिंक अशीच तोडून एनएफएस काय करते ते पाहिलं. हार्ड माउंट असेल तर फाइल मॅनेजर गोठून बसते, लिंक येईपर्यंत हलत नाही. सॉफ्ट केलं तर ठराविक वेळानं एरर देऊन मोकळं होते आणि अर्धी लिहिलेली फाइल मागे ठेवते. दोन्हीपैकी काय पाहिजे ते निवडा! मला दोन्ही नको. ज्या गावात लिंक जाणारच हे ठरलेलं आहे तिथं फाइल दूर ठेवून काम जवळ करायचं, हे मुळातच उलटं आहे.

२ ऑगस्ट

ठरलं. झेड ड्राइव्ह काढायचा. सेंटरवर एक छोटा लिनक्स डबा, सॅम्बा (लिनक्सवरून एसएमबी बोलणारा प्रोग्राम) शेअर त्याच्यावर, म्हणजे ताईला तोच झेड दिसल, फक्त तो आता बाजूच्या खोलीत. डबा आणि नागपूर आपसात मागून मिळवून घेतील.

मिळवणीसाठी आरसिंक (दोन ठिकाणच्या फाइली सारख्या करणारा प्रोग्राम) लावून पाहिलं, एसएसएचवरून. हे लिहिणाऱ्यांपैकी एक, अँड्र्यू ट्रिजेल, त्यानंच सॅम्बाही सुरू केला. आरसिंकच्या १९९६ च्या टिपणातच कमी वेगाची आणि जास्त उशिराची लिंक गृहीत धरलेली आहे, आणि ते जाणवते, फाइलींची यादी एका दमात जाते, एक बाजू विचारत राहते तेव्हाच दुसरी पाठवत राहते, उत्तरासाठी कोणी अडून बसत नाही. तीनशे फाइलींचं तेच फोल्डर, काही बदल नसताना, काही सेकंदात तपासून मोकळं. मात्र बदललेला तेवढाच तुकडा पाठवायची जी त्याची करामत आहे ती आपल्या स्कॅनला फार लागू पडत नाही, कागद परत स्कॅन केला का पीडीएफ पूर्णच बदलते. सीएसव्ही आणि डीबीएफला चांगली लागू पडते.

पहिली भरती लिंकवरून करायची नाही. २०० जीबीच्या आसपास माल आहे, ४ एमबीपीएसनं रात्रंदिवस ओढला तरी साडेचार दिवस, आणि तेवढे दिवस पावसात लिंक कोण देते. नागपुरात हार्ड डिस्कवर कॉपी केली, कुलूपबंद करून, रस्ता उघडल्यावर आलापल्लीमार्गे एसटीनं रवाना.

१९ ऑगस्ट

डबा चालू. आरसिंक एकतर्फी आहे, आपल्याला दोन्हीकडून पाहिजे, म्हणून सिंकथिंग लावलं, टीएलएस, टीसीपीवरूनच, क्यूयूआयसी (यूडीपीवरचा रस्ता) बंद ठेवलं म्हणजे मोडेमच्या प्रॉक्सीचा फायदा सुटत नाही.

तंत्राचं काम इथंच संपलं, भांडणाचं सुरू झालं. एकच एक्सेल नागपुरातही उघडलं, सेंटरवरही, दोघांनी बदललं, आणि सकाळी सिंक कॉन्फ्लिक्ट नावाची दुसरी फाइल. शेअर होता तेव्हा दुसऱ्याला फाइल लॉक आहे म्हणून सांगत तरी होता. मॅडम म्हणाल्या मग आपलं जुनंच बरं होतं का? मी म्हटलं जुन्यात लॉक होतं पण फाइल उघडत नव्हती.

यावर सॉफ्टवेअरचा उपाय शोधत बसलो नाही. बसून वाटणी केली. ठराव, दावे, जीपीएस ट्रॅक हे सेंटरचं. नागपूर फक्त वाचणार. अंतिम नकाशे आणि सरकारी पत्रव्यवहार नागपूरचा. सेंटर फक्त वाचणार. सिंकथिंगमध्ये त्या-त्या फोल्डरला सेंड ओन्ली, रिसीव्ह ओन्ली लावून टाकलं, म्हणजे वाटणी तोंडीच राहत नाही. दोघांनाही लिहायचं असलेलं एकच फोल्डर ठेवलं, "येणंजाणं", त्यात काही घोळ झाला तर होऊ द्या.

वाटणीच्या बैठकीत एक निघालं ते चांगलं झालं. ट्रॅकची फाइल नागपुरात कोणीतरी "साफ" करत होतं आणि पोरगा म्हणे का मी चाललो ती वाट नकाशात वेगळीच काहून दिसते. आता साफ केलेली प्रत वेगळ्या नावानं वेगळ्या फोल्डरात जाते, मूळ ट्रॅकला कोणी हात लावत नाही.

९ सप्टेंबर

हिशोब राहिला होता. तेंदूपत्त्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीला लॉक घेते, सोडते, परत तपासते, ते सिंकमध्ये टाकलं तर वाट लागल आणि शेअरवर ठेवलं तर एक व्हाउचर सेव्ह होईपर्यंत हिशोबाचे काका मान टाकून बसतात. म्हणून ते नागपुरातच ठेवलं, काका रिमोट डेस्कटॉपवर. इथं फाइलीच्या फेऱ्या सगळ्या नागपूरच्या लॅनवरच होतात, उपग्रहावरून फक्त पडद्याचं चित्र आणि बटणं.

काकांना आवडलं नाही. बटण दाबलं का अक्षर अर्ध्या सेकंदानंतर उमटते. "हे तं मी आत्ता बोललो अन् मागच्या गल्लीतून ऐकू आलं असं झालं बाप्पा." पण पोळा झाल्यावर गेलो तर काका पडद्याकडे न पाहता वहीतून आख्खी नोंद टाइप करतात, टॅब मारतात, मग एकदाच वर पाहतात. मी त्यांना हे शिकवलेलं नाही. फॉन्ट स्मूदिंग, वॉलपेपर, अॅनिमेशन बंद करून दिलं, तेवढंच माझं.

६ ऑक्टोबर

या आठवड्यात दुपारी काही मिनिटं लिंक जाऊन रायली. बिघाड नाही, सन आउटेज आहे, उपग्रहाच्या मागे नेमका सूर्य येते आणि अँटेनाला त्याचाच गोंगाट ऐकू येते. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास. मागच्या मार्चमध्ये यावरून चार फोन आले होते, आता कोणाचा आला नाही, झेड बाजूच्या खोलीत असल्यानं सेंटरवर कोणाला दिसलंच नाही. सिंक परत सुरू झालं तिथूनच.

स्कॅन मात्र जरा आवरले पाहिजेत. वर जायचा वेग १ एमबीपीएसच आहे, दिवसभराचे ६० एमबी म्हणजे आठ मिनिटं, ते चालते, पण ताईनं परवा ६०० डीपीआय रंगीत लावलं आणि रांग रात्रभर पुरली. ३०० ग्रेस्केल ठरवलं, शिक्क्याचं पान फक्त रंगीत.

१४ ऑक्टोबर

मॅडमचा प्रश्न, खालच्या कक्षेतले उपग्रह आले तर परत सगळं नागपूरच्या शेअरवर ठेवता येईल का, डबा सांभाळायची कटकट जाईल. साडेपाचशे किलोमीटरवरचा उपग्रह असेल तर फेरी ५० मिलिसेकंद धरू. त्याच १२०० फेऱ्या, ६० सेकंद. बारा मिनिटांचा एक मिनिट झाला, पण फोल्डर उघडाले एक मिनिट आजही कोणी थांबणार नाही, आणि पाऊस तिथंही पडणारच. नवीन लिंक घ्या म्हटलं, काकांच्या अक्षरांसाठी घ्या, डबा मात्र राहू द्या.

बाकी कामं: डब्याला दुसरी डिस्क मिररमध्ये टाकायची आहे, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची आहे, जुना नॅस भंगारात द्यायच्या आधी त्याच्या डिस्क पुसायच्या आहेत. एटापल्लीच्या सेंटरवरूनही मागणी आली, तिथं आधी फोल्डरांची वाटणी करून घ्या मग डबा पाठवतो असं कळवलं.